मदत हवी आहे: फ्लॉपीवरून लिनक्स सुरू होत नाहीये (तातडीचं)

खिळेवाला: बाबांच्या छापखान्यातला जुना पेंटियम फ्लॉपीवरून लिनक्स सुरू करतो. कालपर्यंत ठीक होता, आज 'कर्नल पॅनिक' (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तोच अडून बसतो). फ्लॉपीत काय बदलायचं? उद्या पत्रिका द्यायच्यात.

रिकामटेकडा_४२: पेन ड्राइव्ह वापरा की राव.

खिळेवाला: त्या बायॉसला (मशीन चालू होताच चालणारा प्रोग्राम) यूएसबीवरून बूट, म्हणजे सुरू होणं, माहीतच नाही. सीडीवरूनही नाही.

आळूवडी: पॅनिकच्या आधीची ओळ? फ्लॉपीवर कोणत्या फायली?

खिळेवाला: 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन ०३:०२'. फायली: एलडीलिनक्स.सिस, सिसलिनक्स.सीएफजी, कर्नल.

जुनाखोड: लिलो (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) परत चालवा, दोन मिनिटांचं काम.

आळूवडी: काका, मशीन सुरूच होत नाही तर लिलो चालवणार कुठून? शिवाय फ्लॉपीवर लिलो नाही, त्याच कामाचं सिसलिनक्स आहे.
खिळेवाला, कर्नलला लिनक्सच्या मुख्य फायलींचा (रूट एफएस) भाग सापडत नाहीये. ०३:०२ म्हणजे एचडीए२, पहिल्या केबलवरच्या मास्टर डिस्कचा (एचडीए) दुसरा भाग. काल मशीन उघडलं होतं का?

खिळेवाला: हो, सीडी ड्राइव्ह बसवला. त्यासाठी हार्डडिस्क दुसऱ्या केबलवर घेतली. त्याचा काय संबंध?

आळूवडी: 😀 सगळा संबंध तोच. डिस्क आता एचडीसी (दुसऱ्या केबलवरची मास्टर) झाली. बूट प्रॉम्प्टला (सुरू होताना आज्ञा टाकायची जागा) 'लिनक्स रूट=/डेव्ह/एचडीसी२' टाकून बघा. चाललं तर सिसलिनक्स.सीएफजीमधल्या अपेंड ओळीत (कर्नलला द्यायच्या सूचना) रूटचा तोच पत्ता लिहा. फ्लॉपी फॅट पद्धतीची (विंडोजलाही वाचता येणारी) आहे, विंडोजच्या नोटपॅडमध्येही उघडेल.

बिट्टू_बाइट: कर्नल मावत नसेल तर एफडीफॉरमॅटने (फ्लॉपी फॉरमॅट करणारी आज्ञा) १६८० केबीची फ्लॉपी करता येते.

आळूवडी: मावतंय हो त्यांचं.

जुनाखोड: आमच्या लिलोत हे लाड नव्हते.

आळूवडी: लाड नव्हते म्हणूनच कर्नलची फाइल बदलून लिलो चालवायला विसरलं की रात्र जायची.

खिळेवाला: पुढे गेलं! पण एचडीए२ तपासता येत नाही म्हणतंय आणि रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड मागतंय. तो माझ्या काकांना माहीत, ते त्र्यंबकला गेलेत, फोन बंद.

आळूवडी: एफएसटॅबमध्येही (डिस्कचे कोणते भाग कुठे जोडायचे ती यादी) एचडीए२च लिहिलेलं असणार. पासवर्ड मिळाला की 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' करून (म्हणजे डिस्कवर लिहिता येईल) तिथेही एचडीसी२ करा. स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ओळही बघा.

रिकामटेकडा_४२: किंवा केबल होती तिथे परत लावा?

खिळेवाला: …लावली. फ्लॉपीतली ओळही परत एचडीए२ केली. छपाई सुरू.

बिट्टू_बाइट: कोऱ्या फ्लॉप्या कुठे मिळतात सध्या? माझ्या सगळ्यांना पावसाळ्यात बुरशी आलीय.