चहा बंद, एअर लाइन मात्र फुसफुसतेच: कारखान्यातली काटकसर नक्की कुठून सुरू करायची?

वाळूजकर

मार्च संपत आला की संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीतल्या शंभर-सव्वाशे माणसांच्या कारखान्यांत तीच ती नोटीस लागते. चहा बंद. हँडग्लोव्हज आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. डक्ट कूलर फक्त बारा ते तीन. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या कारखान्याने एअर लाइनची, म्हणजे कंप्रेसरपासून मशीनपर्यंत दाबाची हवा नेणाऱ्या पाइपची, गळती मोजलेली नाही, त्याने चहाला हात लावू नये.

हिशोब मांडतो. १०० माणसं, दिवसाला दोन चहा, कप ६ रुपये, महिन्याचे २६ दिवस. झाले ३१,२०० रुपये. आता ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिमीचं एक भोक धरा. त्यातून साधारण २२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाते आणि तेवढी हवा तयार करायला कंप्रेसरला साडेतीन किलोवॅट लागतात. तीन शिफ्ट, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ७,२०० तास. २५,२०० युनिट. युनिट ८ रुपयांनी धरलं तरी वर्षाला दोन लाखांच्या वर, महिन्याला १६,८००. अशी दोन भोकं म्हणजे अख्ख्या कारखान्याचा चहा. आणि ३ मिमीचं एकच भोक शोधत बसू नका. ढिला कप्लर (पाइप जोडायचा सांधा), दाबून बसवायच्या पुश फिटिंगमध्ये तिरका कापलेला पीयू (प्लास्टिकचा) पाइप, एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ऑइलर) वाटीची वाळलेली ओ-रिंग, अशा दहा-बारा ठिकाणची फुसफुस मिळून तेवढी भरते.

मोजायला एक पैसा लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवायची, लाइनचे व्हॉल्व्ह उघडे, कंप्रेसर चालू. लोडवर (हवा भरत) किती वेळ राहतो आणि अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) किती, हे मोबाइलच्या घड्याळावर पाच-सहा वेळा टिपायचं. समजा २ मिनिटं लोड, ६ मिनिटं अनलोड. दोनाला आठाने भागा, २५ टक्के. ४० एचपीचा स्क्रू कंप्रेसर १८० सीएफएमच्या आसपास देतो, म्हणजे ४५ सीएफएम नुसती हवेत. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन फिरायचं. बुडबुडा आला तिथे खडूने गोल करायचा आणि त्याच दिवशी बदलायचं. 'नंतर बघू' म्हणून ठेवलेला गोल पुढच्या उन्हाळ्यातही तिथेच असतो.

वर्कशॉप मालक

दादा, मोजायची पद्धत बरोबर आहे, पैशाचा हिशोब अर्धाच आहे. तुम्ही धरलंय की गळती थांबली की साडेतीन किलोवॅट पूर्ण वाचले. फिक्स स्पीडच्या स्क्रू कंप्रेसरमध्ये तसं होत नाही. तो अनलोडला गेला तरी मोटार फिरतच असते आणि पूर्ण लोडच्या तीसेक टक्के वीज खातच असते. म्हणून दोन भोकांचे ३३,६०० नाही, ७० टक्के धरा, २३,५२० हातात येतात. पूर्ण फायदा हवा तर व्हीएफडीवाला, म्हणजे गरजेप्रमाणे मोटारीचा वेग बदलणारा, कंप्रेसर घ्या, त्याचं भांडवल वेगळं. किंवा अनलोडवर काही मिनिटं गेली की मोटार थांबवणारा टायमर लावा, पण तासाला किती वेळा मोटार सुरू करायची याला मर्यादा असते. ती ओलांडली की वाइंडिंग जळतं.

दुसरी बाजूही लिहितो. मोठ्या कंपनीला जॉब (घडवलेले सुटे भाग) देणाऱ्या व्हेंडरचं महिन्याचं बिल २५ लाख आहे. २००६ च्या एमएसएमई (लघुउद्योग) कायद्याप्रमाणे पैसे ४५ दिवसांत यायला पाहिजेत. प्रत्यक्षात ९० दिवस लागतात. वरच्या ४५ दिवसांत ३७.५ लाख अडकले. बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट) व्याज ११ टक्के धरलं तर महिन्याला ३४,३७५. म्हणजे पूर्ण चहा तिथेच गेला. कायद्यात उशिराला बँक रेटच्या तिप्पट व्याज आहे, उशिराच्या तक्रारीसाठी समाधान पोर्टल आहे, सगळं आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यावर दरवर्षी दोन-तीन टक्के भाव कमी करून मागतात. अशा वेळी मालक आधी त्यालाच हात घालणार जे उद्या सकाळपासून थांबवता येतं.

स्टोअरवाली, शेंद्रा

उद्या सकाळपासून थांबवता येतं म्हणूनच ते चुकीचं निवडलं जातं, सर. ग्लोव्हजचंच घ्या. डॉटेड कॉटन ग्लोव्हजची जोडी पंधरा-वीस रुपयांची. डीबरिंगला (कापलेल्या कडेची बर, म्हणजे धातूची टोकदार कीस, काढायला) आणि जॉब लोड करायला ती लागते. तेलात भिजलेली जोडी दोन आठवडे चालवली की पकड सुटते, बर बोटात शिरते, आणि तेल दिवसभर कातडीला लागून राहिल्याने बोटांच्या बेचक्यात खाज आणि भेगा सुरू होतात. जिथे ग्लोव्हज घालायचेच नाहीत तिथे मात्र कडक राहा. ड्रिल, लेथ, फिरता स्पिंडल असेल तिथे कॉटन ग्लोव्ह घालूच द्यायचा नाही, धागा अडकला की हात ओढला जातो.

ग्लोव्हज 'गायब' होतात ही तक्रार खरी आहे. पण त्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच: कंत्राटी मुलांच्या नावावर इश्यूच नसतो, मग ते कायमच्या माणसाची जोडी वापरतात आणि रजिस्टरवर त्याचा खप दुप्पट दिसतो. ठेकेदाराच्या माणसांचंही कार्ड काढा, जुनी जोडी टाकल्याशिवाय नवी देऊ नका. तारखेची अट लागतच नाही.

आता कूलंट, म्हणजे कटिंगवर सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण, कारण तिथे सगळ्यात वाईट काटकसर चालते. उन्हाळ्यात टाकी रोज खाली जाते आणि ऑपरेटर पाइप लावून साधं बोअरचं पाणी भरतो, कारण स्टोअरमधून तेल सोडायचं नाही असं सांगितलेलं असतं. पाण्याची वाफ झाली तर तेल मागे राहतं, मग साधं पाणी घातलं तर काय बिघडलं, असा युक्तिवाद होतो. बिघडतं असं की बर आणि जॉबला लागून तेलही बाहेर जातच असतं. महिन्याभरात तेलाचं प्रमाण ६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर येतं. २०० लिटरच्या टाकीत ६ लिटर तेल वाचलं, दीड हजार रुपये. बदल्यात सुट्टीनंतर टाकी उघडली की कुजका वास, टर्न केलेल्या तोंडावर गंज, स्लाइडवर चिकट थर.

आपल्या भागात बोअरचं पाणी जड, हे लक्षात घ्या. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार टाकीतच साठत जातात, आणि प्रत्येक टॉप-अपला वाढतात. म्हणून टॉप-अपला आरओचं पाणी, मिश्रण निम्म्या तीव्रतेचं म्हणजे अडीच-तीन टक्क्यांचं. आधी पाणी, मग ढवळत तेल. उलटं केलं की दही फाटल्यासारखं होतं. आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटरने (तेलाचं प्रमाण दाखवणारं छोटं उपकरण) बघा आणि आलेल्या आकड्याला डब्यावरच्या फॅक्टरने गुणा. तो गुणायचाच राहतो म्हणून कित्येक ठिकाणी आकडे खोटे निघतात.

टूल रूम

इन्सर्टवर, म्हणजे टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्यावर, कोणीच बोलत नाही. सीएनएमजी प्रकाराला चार कडा. इन्सर्ट २४० चा, कड ६० रुपयांची. एक कड १५० जॉबला चालली तर जॉबमागे ४० पैसे. 'अजून ५० काढ' म्हटलं तर ३० पैसे, म्हणजे कडेमागे २० रुपये वाचले. त्या शेवटच्या ५० मध्ये कड तुटून १८० रुपयांचं एक फोर्जिंग रिजेक्ट झालं, तर नऊ कडांची बचत गेली. मशीनचा वेळ वेगळाच.

पण मालक लोकांच्या बाजूनेही सांगतो. शिफ्ट संपल्यावर स्क्रॅप डब्यातले इन्सर्ट काढून कडा मोजा. चारपैकी दोनच वापरलेले बरेच सापडतील, कारण इन्सर्ट उलटा करून बसवायचा कंटाळा येतो. वापरलेल्या कडेवर मार्करने ठिपका द्यायची सवय लावली तर ही बचत खरी आहे आणि त्यात कोणाचंही नुकसान नाही.

भट्टीवाला, जालना

तुम्ही वाळूजवाले चहावर भांडायलेत. इकडं रोलिंग मिलच्या शेडमध्ये मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतं, लाल सळी दाबणाऱ्या रोलच्या स्टँडजवळचं विचारूच नका. तिथं ताक आणि ओआरएस बंद करून 'पाणी आहे की' म्हणतात. घामावाटे मीठ जातं. नुसतं पाणी पीत राहिलं की पोटऱ्यांना गोळे येतात, डोकं हलकं होतं, आणि चिमटा धरणाऱ्या माणसाचा अंदाज क्षणभर जरी चुकला तरी लाल सळी कुठं जाईल सांगता येत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटरला असतं. वाचवायचं म्हणून एका पाकिटात बादली करू नका, त्याचा उपयोग होत नाही. ताकात मीठ घालून दर दोन तासांनी ग्लासभर फिरवलं तरी चालतं, पण ते माणसाच्या जागेवर गेलं पाहिजे. कँटीनपर्यंत चालत जायला कोणी जागा सोडत नाही.

आणि १९४८ च्या कारखाना कायद्यातला २५० चा आकडा दाखवू नका. २५० पेक्षा जास्त माणसं असली तरच उन्हाळ्यात गार पाण्याची सक्ती, असं त्यात लिहिलं होतं. २४० माणसांना कमी तहान लागते काय?

वर्कशॉप मालक

भट्टीवर ताक बंद करणं गुन्हा आहे, त्यात माझा वाद नाही. स्टोअरवाल्या ताईंचं कूलंटचंही मान्य. माझा मुद्दा चहापुरता आणि कूलरपुरता आहे. १०० माणसांच्या शॉपमध्ये चहाला कागदावर १० मिनिटं, प्रत्यक्षात २५ जातात. तोही खर्चच आहे.

वाळूजकर

२५ जातात कारण एका थर्मासपुढे शंभर माणसं उभी असतात. लाइनप्रमाणे चार थर्मास, चार जागा, वेळा पाच-पाच मिनिटांनी पुढेमागे. रांग मोडली की वेळ आपोआप कमी होतो.

अनलोडचं तुमचं बरोबर, मी धरायला पाहिजे होतं. मग २३,५२० पकडू. आता प्रेशर. बहुतेक ठिकाणी ७ बार ठेवलेलं असतं आणि काम ६ वर चालतं. एक बार कमी केलं की वीज सहा-सात टक्के कमी. ३० किलोवॅटचा कंप्रेसर सरासरी पाऊण लोडवर धरला तर महिन्याला सात हजारांच्या आसपास. झाले ३०,५२०. चहाला ६८० रुपये कमी पडतात, ते रिसीव्हरच्या (हवेच्या टाकीच्या) ड्रेन कॉकमध्ये सापडतील. पाणी निघावं म्हणून तो चोवीस तास किलकिला ठेवलेला असतो.

वर्कशॉप मालक

सहा बार लिहायला सोपं आहे. व्हीएमसीला (उभं सीएनसी मशीन) टूल अनक्लॅम्प व्हायला साडेपाच-सहा बार मशीनपाशी लागतं. कंप्रेसरवर सहा ठेवलं आणि लाइनमध्ये अर्धा बार पडला, तर शेवटच्या मशीनवर एअर लो चा अलार्म येतो आणि टूल चेंज अर्ध्यात अडकतो. सायकलमध्ये थांबलेल्या व्हीएमसीचा तास किती रुपयांचा, तो पण मांडा.

वाळूजकर

म्हणूनच आधी सगळ्यात लांबच्या मशीनला गेज लावायचा, सगळी मशीन चालू असताना वाचायचं, आणि प्रेशर एकदम एक बारने न उतरवता ०.२ ने उतरवायचं, प्रत्येक पायरीला एक पूर्ण शिफ्ट बघायची. लाइनमध्ये अर्ध्या बारपेक्षा जास्त पडत असेल तर फिल्टर एलिमेंट चोंदलंय किंवा मेन लाइन बारीक पडतेय. आतून ६ मिमीच्या उघड्या पाइपने बर उडवणं बंद करा. ३ मिमीच्या भोकापेक्षा क्षेत्रफळ चौपट, ट्रिगर नाही, नोझल नाही, एकाने उडवलं की शेजारच्या मशीनचं प्रेशर पडतं. नोझलची गन दीड-दोनशेला येते.

डाळमिल, लातूर

इकडची एक गोष्ट जोडतो. तूर डाळीच्या मिलमध्ये चार व्ही-बेल्टच्या सेटपैकी एक तुटला की एकच नवा टाकतात. जुने तीन ताणलेले असतात, नव्यावर सगळा भार येतो, तो महिन्याभरात जातो आणि जाताना बेअरिंगलाही ओढतो. सेट एकदम, एकाच कोडचा बदला. निघालेल्यांतले बरे बेल्ट एकाच पट्ट्याच्या छोट्या मोटारींवर वापरा, फेकू नका. आणि जळालेली मोटार स्वस्तात भरून घेताना जुनं वाइंडिंग गॅसच्या ज्योतीने जाळून काढू देऊ नका. स्टॅम्पिंगचं (मोटारीतल्या पातळ लोखंडी पत्र्यांचं) इन्सुलेशन जातं, मोटार गरम चालते आणि कायमची जास्त वीज खाते.

स्टोअरवाली, शेंद्रा

मालकांच्या ९० दिवसांच्या मुद्द्यावर एक राहिलं. घेणाऱ्या कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्स (TReDS) या बिलावर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नोंदणी करणं आता बंधनकारक आहे. बिल तिथे मंजूर झालं की फायनान्सर पैसे देतो, आणि कंपनीने नंतर बुडवलं तरी वसुली व्हेंडरकडून होत नाही. समाधानवर तक्रार करण्यात जी भीती आहे ती इथे नाही. फक्त कंपनीच्या पर्चेसने बिल वेळेत मंजूर केलं पाहिजे, म्हणून ऑर्डरच्या अटींतच 'बिल ट्रेड्सवर, जीआरएनपासून (माल पोचल्याची नोंद) इतक्या दिवसांत मंजुरी' असं लिहून घ्या.

वर्कशॉप मालक

हे उपयोगाचं आहे. मंजुरीला महिना लावला तर फायदा निम्मा होतो, पण विचारून बघण्यासारखं आहे. गळतीची चाचणीही करण्यासारखी. दोन महिन्यांच्या बिलात फरक दिसला तर चहा परत सुरू करायला हरकत नाही.

वाळूजकर

इथेच माझा विरोध आहे, सर. कप्लर कोण घट्ट करणार? उघडा पाइप टाकून गन कोण वापरणार? फुसफुस ऐकू आली की खडूने गोल कोण करणार? ज्याचा चहा बंद केलाय तोच ना? चहा बंद ठेवून त्याच माणसाला गळती शोधायला सांगितलं, तर तो दिसलेलं भोकही दाखवणार नाही. चहा आधी सुरू करा, चाचणी येत्या सुट्टीला घ्या. दोन महिने चहा चालवायला ६२,४०० लागतील. बिलात फरक नाही आला तर तेवढं नुकसान धरून चाला.

वर्कशॉप मालक

एका महिन्याचं धरतो, ३१,२००. त्या महिन्यात लोड-अनलोडचं प्रमाण २५ वरून १० टक्क्यांच्या आत आलं पाहिजे, आणि आकडे नोटीस बोर्डावर लागले पाहिजेत.

वाळूजकर

एका महिन्यात दहाच्या आत येतं, फिटिंगचं सामान आधी आणून ठेवलं तर. ८ आणि १० मिमीचे पुश फिटिंग, कप्लर, टेफ्लॉन टेप, एफआरएलच्या ओ-रिंगचा सेट, आणि पीयू पाइप सरळ कापायचा कटर. कटर विसरू नका. एक्सा (हॅकसॉ) ब्लेडने कापलेला पाइप पुन्हा गळतो.