पूर्णवेळ आरव्हीत राहायला जायचंय, पण २०२० सारखं परत झालं तर?

निघालो_एकदाचे

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं अमेरिकेत असतो, मुलं कॉलेजला गेली, माझं काम पूर्ण रिमोट आहे आणि नवऱ्याचं बऱ्यापैकी. घर विकून पूर्णवेळ आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात राहायचं हे बरेच दिवस डोक्यात आहे, मोटरहोम (स्वतः चालणारी) घ्यायची का ट्रेलर (गाडीमागे ओढायचा) यावरची भांडणंही होऊन झाली (ट्रेलर. मी जिंकले). आता सगळं जुळत आलंय तर नवऱ्याने नवीन खुसपट काढलं, म्हणतो २०२० च्या कोविडसारखं परत झालं तर जायचं कुठे, सरकार म्हणणार घरी बसा आणि आपलं घर उभं हायवेवर. मी म्हटलं उलट आपणच सगळ्यात सेफ, स्वतःचं किचन, स्वतःचा बेड, स्वतःचं बाथरूम, कोणाच्या संपर्कात यायची गरजच नाही. पण खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नाही. त्या काळात इथलं कोणी आरव्हीत राहत होतं का? व्हिडिओ खूप पाहिले, त्यात सगळे वाळवंटात खुर्ची टाकून कॉफी पित बसलेत. मला रोजचं हवंय, पाणी, टँक, डॉक्टर, नेट, टपाल हे सगळं कसं चालायचं?

चारचाकी_संसार

ताई, तुमच्या मिस्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. आम्ही तेव्हा पूर्णवेळ ट्रेलरमध्येच होतो आणि मार्च २०२० मध्ये युटात होतो, त्यामुळे लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

चाकं आहेत म्हणजे कुठेही जाता येईल असं वाटतं ना, त्या महिन्यात बरोब्बर उलटं झालं. जायला रस्ते मोकळे होते, रात्री थांबायला जागा नव्हती. आधी १८ मार्चला नॅशनल पार्कांची एंट्री फी माफ केली, लोकांना मोकळ्या हवेत जाता यावं म्हणून, त्यामुळे लोक अजूनच लोटले आणि मग एकेक करून पार्कच बंद व्हायला लागले. योसेमिटी २० मार्चला, यलोस्टोन २४ ला, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स २८ ला, ग्रँड कॅन्यन १ एप्रिलला. कॅलिफोर्नियाने स्टेट पार्कांची कॅम्पग्राउंड १७ मार्चलाच बंद केली होती. एक बंद झालं की तिथले लोक पुढच्या ठिकाणी, ते भरलं की त्याच्या पुढच्या.

आम्ही मोॲब नावाच्या गावाजवळ होतो. तिथे आरोग्य खात्याने बाहेरच्यांना राहायला बंदीच केली, हॉटेलात तर नाहीच पण सरकारी मोकळ्या जमिनीवर कॅम्पिंगलाही नाही. तेव्हा बरेच आरव्हीवाले चिडले होते, आम्ही कोणाला त्रास देतोय वगैरे. पण गावातलं हॉस्पिटल १७ खाटांचं आणि वीकेंडला हजारो लोक येणार, त्यात कोणी बाइकवरून पडला तरी खाट त्यालाच जाणार. मला तरी त्यांचं पटलं होतं. तीच गोष्ट नवाहो नेशनची (नवाहो आदिवासींचा स्वतःचा प्रदेश), तिथे साथ फार वाईट होती, कर्फ्यू होता, मॉन्युमेंट व्हॅली बंद, आणि तरी लोक नकाशात रस्ता दिसतोय म्हणून आत घुसत होते. हे मात्र चूकच.

जे सुटले ते दोन प्रकारचे. एक म्हणजे ज्यांचा खाजगी आरव्ही पार्कमध्ये महिन्याच्या भाड्याने स्पॉट होता. बऱ्याच राज्यांत असे पार्क चालू राहिले कारण तिथे लोक कायमचे राहतात, ते त्यांचं घरच आहे. पण एका रात्रीपुरतं कोणी आलं तर फोनवरच नाही म्हणायचे. दुसरे बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं केंद्राचं खातं) मोकळ्या जमिनीवर बसलेले. तिथेही नियम साधारण २८ दिवसांत १४ दिवसच राहायचा, मग हलायचं. म्हणजे एकीकडे ऑर्डर सांगते हलू नका आणि दुसरीकडे नियम सांगतो हला. काही ठिकाणी रेंजर कानाडोळा करायचे, काही ठिकाणी नाही.

आता टँक. तुम्ही म्हणताय स्वतःचं बाथरूम, ते खरंय, पण ते भरतं! एरवी आपण पार्कचं शॉवर हाऊस वापरतो, लायब्ररीत जातो, जिममध्ये अंघोळ करतो, त्यामुळे टँक पुरतो. ते सगळं बंद झाल्यावर दोन माणसांचा सगळा वापर आत. ३०-४० गॅलनचा ब्लॅक टँक (संडासाचा) काटकसरीने आठवडा-दीड आठवडा जातो, ग्रे टँक भांडी आणि अंघोळीने त्याच्या आधीच भरतो आणि वरून सतत हात धुणं. आणि डम्प स्टेशनं, म्हणजे टँक रिकामे करायच्या जागा, तर बहुतेक त्याच स्टेट पार्कात जी बंद. पेनसिल्व्हेनियाने तर हायवेची रेस्ट एरियाच बंद केली होती, मग ट्रकवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर काही परत उघडली. सॅनिडम्पसारख्या ॲपवर दिसणारं स्टेशन चालू आहे का हे फोन करून विचारल्याशिवाय आम्ही निघायचोच नाही.

टॉयलेट पेपरचं सगळ्यांना माहीतच आहे, पण आपल्याला लागतो तो पटकन विरघळणारा, तो पण लोकांनी उचलून नेला. मग काहींनी वाइप्स वापरून टँकमध्ये टाकले. ते विरघळत नाहीत, व्हॉल्व्हपाशी अडकून बसतात. पुढचं वर्णन जेवायच्या वेळी नको.

अजून एक, आणि हे कोणी व्हिडिओत सांगत नाही. बाहेरच्यांपासून वेगळं राहायला आरव्ही उत्तम, पण दोघांतल्या एकाला झालं की संपलं. २०० स्क्वेअर फुटांत कोण कुठे वेगळं राहणार, हवा तीच, बाथरूम तेच. छताचा फॅन बाहेर हवा फेकेल असा लावायचा आणि खिडकी उघडी ठेवायची, एवढंच हातात.

थंडीचा_पाहुणा

चारचाकी यांना +१. थोडी कॅनडाची बाजू सांगतो, कारण आमच्यासारख्या हिवाळ्यात ॲरिझोनात येणाऱ्या रिटायर्ड लोकांचं वेगळंच त्रांगडं झालं.

मार्च २०२० च्या मध्याला सरकारने सांगितलं की बाहेर असाल तर परत या. प्रवासाच्या विम्यात पुढे कोविड धरणार की नाही याचा भरवसा नव्हता, आणि अमेरिकेत विमा नसताना आजारी पडण्याची हिंमत ह्या वयात कोणाची नाही. म्हणून सगळेच उत्तरेला सुटले. २१ मार्चला जमिनीवरची हद्द अनावश्यक प्रवासाला बंद झाली, घरी येणाऱ्याला येऊ देत होते पण आल्यावर १४ दिवस क्वारंटाइन. ज्यांचं घर आहे ते घरात बसले. ज्यांनी आमच्या एका मित्रासारखं घर विकून आरव्ही घेतली होती ते कुठे बसणार? ऑन्टॅरिओत मार्चअखेर कॅम्पग्राउंड उघडीच नसतात, पाण्याच्या पाइपलाइनी गोठू नयेत म्हणून रिकाम्या करून ठेवतात, त्या मे महिन्यात चालू होतात. त्यात साथीमुळे उघडायलाही परवानगी नाही. मित्र भावाच्या ड्राइव्हवेमध्ये राहिला, बादलीने पाणी भरून.

पुढचा हिवाळा अजून मजेशीर. गाडीने अमेरिकेत जायला बंदी, पण विमानाने जायला बंदी नाही! मग लोक स्वतः विमानाने गेले आणि आरव्ही माल म्हणून ट्रान्सपोर्टवाल्याकडून पलीकडे नेली, कारण मालवाहतूक चालू होती. एवढं सगळं करून फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅनडाने विमानाने परतणाऱ्यांना हॉटेल क्वारंटाइन लावलं, गाडीने येणाऱ्यांना ते नव्हतं. कोणत्या डोक्यातून निघालं देव जाणे. कॅनडाने लस घेतलेल्या अमेरिकनांना ९ ऑगस्ट २०२१ ला आत घेतलं, अमेरिकेने आम्हाला गाडीने यायला ८ नोव्हेंबरला. तुम्ही अमेरिकेत राहणारे म्हणून हद्दीचा प्रश्न तुम्हाला नाही, पण अलास्काला गाडीने जायचा प्लॅन असेल तर लक्षात ठेवा, मध्ये कॅनडा आहे.

रात्रपाळी

मी पूर्णवेळवाली नाही, फक्त त्या वसंतात आमच्याच ड्राइव्हवेमध्ये ट्रेलरमध्ये राहिले. हॉस्पिटलात नर्स आहे, घरी सासूबाई आणि लहान मुलगी, त्यामुळे घरात जायची भीती वाटायची. तेव्हा फेसबुकवर "आरव्हीज फॉर एमडीज" नावाचा ग्रुप निघाला होता, टेक्ससमधून सुरू झालेला, त्यात लोक आपली पडून असलेली आरव्ही डॉक्टर-नर्सना वापरायला द्यायचे. आम्हाला तशीच एकाने ओळखपाळख नसताना दिली, भाडं घ्यायला तयारच नव्हता.

प्रॅक्टिकल सांगते. घरच्या साध्या १५ अँपच्या प्लगवर ट्रेलर चालतो पण एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलं की ब्रेकर पडतो, आणि बारीक एक्स्टेंशन कॉर्ड गरम होते, जाडच घ्यायची. ड्राइव्हवेमध्ये डम्प करायला सोय नसते, त्यासाठी चाकांचा टोट टँक मिळतो, त्यात काढून न्यायचं. आमच्या घराच्या असोसिएशनचा ड्राइव्हवेमध्ये आरव्ही ठेवायलाच नियम आड येत होता, त्यांनी तेवढ्यापुरतं दुर्लक्ष केलं. सगळीकडे करतील असं नाही, त्यामुळे "वेळ आली तर नातेवाईकांच्या दारात लावू" हा प्लॅन असेल तर आधीच विचारून घ्या.

मुलगी रोज संध्याकाळी खिडकीशी यायची, आम्ही काचेच्या दोन बाजूंनी पत्ते खेळायचो. ती पत्ते बघून चीटिंग करायची.

सरळवाट

सगळ्यांचे अनुभव भारी आहेत पण मी थोडं थंड पाणी ओततो. त्या वर्षी जे घाबरून आरव्ही घ्यायला धावले त्यांचं पुढे काय झालं तेही बघा. देशातल्या बहुतेक आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, ते कारखाने २०२० च्या वसंतात काही आठवडे बंद होते. उघडल्यावर मागणीचा लोंढा आला, २०२० मध्ये साधारण ४ लाख ३० हजार गाड्या कारखान्यांतून निघाल्या आणि २०२१ मध्ये ६ लाख, आजवरचा विक्रम. २०२३ मध्ये तोच आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. मधल्या काळात घाईत बनवलेल्या गाड्यांच्या गळक्या खिडक्या, सुटलेले ट्रिम, सर्व्हिसला महिनोन् महिने नंबर. माझ्या मेव्हण्याची नवीकोरी ट्रेलर घेतल्यापासून डीलरच्या यार्डातच जास्त राहिली. म्हणून जुनी घेत असाल तर २०२१-२२ ची गाडी दुप्पट तपासून घ्या, छत आणि कोपऱ्यांत ओल आहे का ते मीटरने बघणारा इन्स्पेक्टर लावा.

दुसरं, गर्दी. पार्क उघडल्यावर योसेमिटीला ११ जून २०२० पासून दिवसभराच्या एंट्रीलाही रिझर्व्हेशन लागलं, आणि कॅम्पसाइट काही महिने आधी बुकिंगला उघडतात त्या क्षणात संपायच्या. "मनात आलं की निघालो" हे विसरा.

निघालो_एकदाचे

बापरे, केवढं लिहिलंय सगळ्यांनी, थँक्यू. @चारचाकी_संसार, डॉक्टर आणि पत्त्याचं राहिलं. आम्ही कागदोपत्री कायमचा म्हणून साऊथ डकोटाचा पत्ता घ्यायचं म्हणतोय, टॅक्स नाही आणि एक रात्र राहिल्याची पावती दाखवली की लायसन्स मिळतं असं वाचलं.

चारचाकी_संसार

साऊथ डकोटा, टेक्सस, फ्लोरिडा, पूर्णवेळवाले ह्या तिघांतलंच एक घेतात, राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. एकेक करून नियम बदलत असतात, त्यामुळे वाचलेलं परत तपासा.

पण पत्ता निवडताना टॅक्सपेक्षा हेल्थ इन्शुरन्स आधी बघा. पासष्टच्या आतल्यांना सरकारी मार्केटप्लेसवरचा विम्याचा प्लॅन पत्त्याच्या काउंटीप्रमाणे मिळतो, आणि बरेच प्लॅन इमर्जन्सी सोडली तर राज्याबाहेर चालत नाहीत. म्हणजे पत्ता एकीकडे, तुम्ही ॲरिझोनात, आणि साधा खोकला दाखवायला नेटवर्कमध्ये डॉक्टर नाही. साथीत टेलिहेल्थचे (फोन-व्हिडिओवर डॉक्टर) राज्याबाहेरचे नियम सैल केले होते म्हणून निभावलं.

लशीच्या वेळी ह्याची खरी गंमत कळली. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडाने रहिवासी असल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली. सीझनभर राहणाऱ्यांना चालायचं पण कागद दाखवा, लाइट बिल, भाडेकरार वगैरे, आणि आरव्ही पार्कमध्ये लाइट बिल बहुतेक पार्कच्या नावावर! आमच्या शेजारच्या आजींनी पार्कच्या मॅनेजरकडून पत्र लिहून घेतलं. शिवाय दोन डोसमध्ये फायझरला २१ दिवस, मॉडर्नाला २८, आणि बीएलएमवर तुम्ही १४ दिवसांचे पाहुणे. तेव्हापासून आम्ही एक केलंय, वर्षातले तीन-चार महिने एकाच पार्कमध्ये, लेखी करार करून, आणि त्याच गावात एक डॉक्टर ठरवलेला. भाडं थोडं वाया जातं कधीकधी. जाऊ दे.

नेटसाठी दोन वेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट ठेवा. २०२० मध्ये पार्कच्या वायफायवर सगळ्यांचे झूम आणि पोरांच्या शाळा एकदम सुरू झाल्या की काहीच चालायचं नाही. आता स्टारलिंकचं उपग्रहावरचं नेट आहे, पण डोक्यावर झाडं असतील तर तेही रुसतं.

निघालो_एकदाचे

नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला. तो आता म्हणतोय घर विकायच्या ऐवजी भाड्याने देऊ आणि पहिला हिवाळा एकाच ठिकाणी करारावर काढू. मला घर ठेवायचं नाहीये, भाडेकरूंचे फोन डोंगरात कोण घेणार. पण करारवाली जागा पटली. @चारचाकी_संसार, तो करार करताना वीज भाड्यात धरलेली घ्यायची का मीटरप्रमाणे?

चारचाकी_संसार

महिन्याच्या स्पॉटला बहुतेक ठिकाणी मीटरच असतो. हिवाळ्यात इलेक्ट्रिक हीटर लावणार असाल तर युनिटचा रेट आधी विचारा. आणि मीटरचं रीडिंग पहिल्या दिवशी फोटो काढून ठेवा.