‘मेंटॉर’ : मूळ, अर्थबदल आणि मराठीतील वापर

‘मेंटॉर’ला मराठीत काय म्हणावे, असे कोणी विचारले की ‘मार्गदर्शक’ हे उत्तर तत्काळ दिले जाते, आणि बहुतेक वेळा त्यावर कोणी हरकतही घेत नाही. तरीही कार्यालयांत, महाविद्यालयांत आणि क्रिकेटच्या बातम्यांत मराठी माणसे ‘मार्गदर्शक’ हा शब्द ठाऊक असूनही ‘मेंटॉर’च म्हणतात. याला केवळ इंग्रजीचा सोस म्हणून सोडून देणे मला पटत नाही. या शब्दात असे काही आहे की जे ‘मार्गदर्शक’मध्ये पूर्णपणे उतरत नाही, आणि ते काय आहे हे समजण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावे लागते.

हा शब्द मुळात सामान्यनाम नाही. ते एका माणसाचे नाव आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात मेंटॉर हा इथाका बेटाचा राजा ओडिसियस याचा जुना मित्र आहे. ट्रॉयच्या युद्धावर निघताना ओडिसियस आपले घरदार त्याच्या हवाली करून जातो. प्रशिक्षण वर्गांत सांगितली जाणारी प्रचलित कथा अशी की, राजाच्या वीस वर्षांच्या अनुपस्थितीत या मेंटॉरने राजपुत्र टेलेमॅकस याला घडवले आणि म्हणून त्याचे नाव मार्गदर्शकाला मिळाले. मूळ काव्य वाचल्यास मात्र असे काही आढळत नाही. हवाली केलेल्या त्या घरात राणी पेनेलोपीशी लग्न करू पाहणारे उमराव ठाण मांडून बसले आहेत आणि राजाची गुरेढोरे फस्त करत आहेत. मेंटॉरला ते थांबवता आलेले नाही. दुसऱ्या सर्गातील सभेत तो उठून उभा राहतो आणि मूठभर मुजोरांपुढे सारे गाव गप्प कसे, म्हणून इथाकावासीयांना खडसावतो. त्यावर उमरावांपैकी एक जण त्याला झिडकारून सभाच मोडून टाकतो. हा मेंटॉर भला आणि निष्ठावान आहे, पण निष्प्रभ आहे.

टेलेमॅकसला खरे बळ देते ती अथीना ही देवी. तो समुद्रकाठी एकटा प्रार्थना करत असताना ती मेंटॉरचे रूप आणि आवाज घेऊन येते, त्याच्यासाठी गलबताची आणि खलाशांची सोय करते आणि पित्याचा शोध घेण्यासाठी त्याच्याबरोबर पायलॉसला जाते. तेथे वृद्ध नेस्टर राजासमोर जाताना मुलाचा धीर सुटतो. आपल्याला चतुर बोलण्याचा सराव नाही, वडीलधाऱ्या माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटते, असे तो सांगतो. मेंटॉरच्या रूपातील अथीना त्याला काय बोलावे हे पढवत नाही. काही गोष्टी तुझ्याच मनाला सुचतील आणि काही एखादा देव सुचवील, एवढेच ती म्हणते आणि पुढे चालू लागते. पुढे चौथ्या सर्गात एक गमतीदार प्रसंग येतो. टेलेमॅकसला गलबत देणारा नोएमॉन सहज बोलून जातो की मेंटॉर तर त्या दिवशी गलबतात बसून गेला होता, मग काल सकाळी तो मला इथेच कसा दिसला? म्हणजे आज जगभर ज्याच्या नावाने योजना आणि पदे निघतात, तो मनुष्य खुद्द मार्गदर्शनाच्या वेळी घरीच होता. संपूर्ण महाकाव्याची शेवटची ओळदेखील मेंटॉरचे रूप आणि वाणी धारण केलेल्या अथीनेबद्दलच आहे.

मग नावाला आजचा अर्थ कोठून आला? त्याचे श्रेय होमरपेक्षा फेनेलॉन या फ्रेंच धर्मगुरूला अधिक जाते. 1689 मध्ये चौदाव्या लुईच्या नातवाचा, म्हणजे बर्गंडीच्या ड्यूकचा, शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. राजपुत्राला राजधर्म शिकवण्यासाठी त्याने टेलेमॅकसच्या प्रवासाची एक नवी गद्यकथा रचली. राजपुत्रांना गोष्टींतून नीती शिकवण्याची ही तऱ्हा पंचतंत्राच्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही. या कथेतही मेंटॉरच्या रूपात देवीच आहे, पण आता तिचे रोमन नाव मिनर्व्हा आहे, आणि ती अधूनमधून प्रकट होऊन मदत करणारी राहिलेली नाही. फेनेलॉनचा मेंटॉर अखंड सोबत असतो, प्रत्येक प्रसंगावर उपदेश करतो, मोहापासून परावृत्त करतो, आणि सालेंत नावाच्या नगरीत तर ऐषआराम बंद करून शेतीला उत्तेजन देण्यापर्यंत राज्यकारभाराची फेररचना करतो. ही कथा 1699 मध्ये लेखकाच्या संमतीवाचून छापली गेली. युद्धखोर आणि डामडौल मिरवणाऱ्या राजांवरील तिची टीका लुईवरच आहे, असे वाचकांनी ताडले. फेनेलॉनची दरबारातून आधीच उचलबांगडी झालेली होती, ती या पुस्तकाने कायमची झाली. ज्याच्यासाठी हे सारे लिहिले, तो ड्यूक 1712 मध्ये, राज्यावर येण्यापूर्वीच वारला. पुस्तक मात्र अठराव्या शतकात युरोपभर अमाप वाचले गेले, आणि त्या वाचकांच्या तोंडी ‘मेंटॉर’ हे विशेषनाम हळूहळू सामान्यनाम झाले.

इंग्रजीतील त्याच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक इंग्रज मुत्सद्दी लॉर्ड चेस्टरफील्डने आपल्या मुलाला 1750 मध्ये लिहिलेल्या पत्रात सापडते. युरोपच्या प्रवासात मुलाबरोबर असलेल्या शिक्षकाला तो ‘तुझा मेंटॉर’ म्हणतो. तेथे शब्दाचा अर्थ तरुण मुलाची चालचलणूक सांभाळणारा वडीलधारा सोबती असा आहे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे नाव मराठी वाचकाला दूरचे वाटू नये. ‘विचार करणे’ या अर्थाच्या ‘मन्’ या मूळ धातूला कर्तृवाचक प्रत्यय लागून ते झाले असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतमधील त्याचा सख्खा भाऊ म्हणजे ‘मन्तृ’, अर्थात विचार करणारा. बृहदारण्यक उपनिषदातील ‘नान्योऽतोऽस्ति मन्ता’ या वचनात तोच शब्द आला आहे. ‘मन’, ‘मती’, ‘मंत्र’ आणि त्यावरून ‘मंत्री’ ही सारी याच कुळातील मंडळी आहेत. लॅटिनमध्ये याच धातूपासून आठवण देणारा, बजावणारा या अर्थाचा ‘मॉनिटर’ झाला, म्हणजे फळ्यावर बोलणाऱ्या मुलांची नावे लिहिणारा आपल्या शाळेतील वर्गाचा मॉनिटरही मेंटॉरचा चुलत भाऊ ठरतो. ग्रीक नावात शेवटचा स्वर दीर्घ आहे, त्यामुळे ‘मेंटर’पेक्षा ‘मेंटॉर’ हे लेखन मला अधिक योग्य वाटते, जरी इंग्रजी बोलण्यात दोन्ही उच्चार ऐकू येतात.

आजचा कार्यालयीन अर्थ ही अमेरिकेतील 1970 नंतरची घडामोड आहे. डॅनियल लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1978 मध्ये प्रौढ पुरुषांच्या आयुष्याच्या टप्प्यांविषयी लिहिताना मेंटॉरला मध्यवर्ती स्थान दिले. त्याच्या वर्णनातील मेंटॉर हा थोडा पालक आणि थोडा बरोबरीचा सहकारी असतो. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी 1985 मध्ये या नात्याची दोन अंगे वेगळी करून दाखवली. एक अंग नोकरीतील प्रगतीला हातभार लावण्याचे, म्हणजे चांगली कामे मिळवून देणे, वरिष्ठांपुढे नाव घेणे, अडचणीत पाठीशी उभे राहणे. आणि दुसरे मानसिक आधाराचे. यातील पहिले अंग महत्त्वाचे आहे, कारण ‘मार्गदर्शक’ या शब्दात वाट दाखवणे आहे, पण कोणासाठी शब्द टाकणे नाही. याच सुमारास नात्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या व्यक्तीसाठी ‘मेंटी’ हा शब्दही रूढ झाला. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने तो विचित्र आहे, कारण ‘मेंट’ नावाचे कोणतेही इंग्रजी क्रियापद नाही. एका माणसाच्या नावाचे शेपूट तोडून तेथे दुसरे लावले आहे. पण भाषा असे व्यवहार नेहमीच करते आणि ते पचवतेही.

मराठीत या शब्दाच्या शेजारी जे शब्द आहेत, त्यांच्या जागा आधीच भरलेल्या आहेत. ‘गाइड’ म्हटले की पीएच.डी.चे मार्गदर्शक आठवतात, किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री उघडले जाणारे तयार उत्तरांचे पुस्तक. ‘मार्गदर्शक’ हा तर सभासमारंभात इतका झिजला आहे की व्यासपीठावर चार शब्द बोलणारा प्रत्येक पाहुणा मार्गदर्शन करूनच खाली बसतो. ‘गुरू’ या शब्दात श्रद्धेचे आणि शरणागतीचे जे वजन आहे, ते मुक्तपणे वाद घालता येणाऱ्या नात्यावर लादणे योग्य नव्हे. शिवाय आपला हा शब्द इंग्रजीने नेऊन कोणत्याही विषयातील तज्ज्ञाला चिकटवला आहे, तो अर्थ परत आयात करण्याची मला गरज दिसत नाही. ‘कोच’ वेगळा. तो रोजचा सराव घेतो आणि संघाच्या कामगिरीला जबाबदार असतो. 2021 च्या टी-20 विश्वचषकात रवी शास्त्री मुख्य प्रशिक्षक होते आणि महेंद्रसिंग धोनी मेंटॉर. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांनी शास्त्रींना ‘प्रशिक्षक’ आणि धोनीला ‘मेंटॉर’ म्हटले, हा भेद वाचकांना न सांगता समजला.

माझ्या मते जवळचा देशी शब्द तालमीत सापडतो. कोल्हापूरकडील तालमींतील ‘वस्ताद’ डाव शिकवतोच, पण पोराच्या खुराकाकडे लक्ष ठेवतो, त्याची कुस्ती कोणाशी लावायची हे ठरवतो आणि चार लोकांत त्याच्यासाठी शब्द टाकतो; क्रॅम यांनी सांगितलेली दोन्ही अंगे त्यात आली. अडचण एवढीच की फारसीतील ‘उस्ताद’पासून आलेल्या या शब्दाला तालमीबाहेर धूर्तपणाची छटा चढली आहे, आणि ‘आमच्या विभागाचे वस्ताद’ असे लिहिले तर संबंधित अधिकारी ते कौतुक म्हणून घेतील याची खात्री देता येत नाही. ‘मेंटी’साठी मात्र ‘उमेदवार’ हा शब्द विचारात घेण्यासारखा आहे. निवडणुकांनी त्याचा ताबा घेण्यापूर्वी अनुभवी माणसाच्या हाताखाली राहून काम शिकणारा, हाच त्याचा अर्थ होता, आणि ‘वकिलाकडे उमेदवारी केली’ अशा वाक्यांत तो अजूनही जिवंत आहे. ‘मेंटॉर’साठी नेमका देशी शब्द रुळेपर्यंत तो शब्द तसाच ठेवून त्याला मराठी विभक्ती लावाव्यात, ‘मेंटॉरांनी’, ‘मेंटॉरकडे’ असे निःसंकोच लिहावे. आणि जेथे एका दिवसाच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे, तेथे हा शब्द वापरू नये.