डोळे मिटल्यावर तुम्हाला खरंच काही दिसतं का?

रेघोट्या:
मी चित्रं काढते, पण डोळे मिटले की समोर काहीच येत नाही. आईचा चेहरा आठवला तरी काळोखच. डावी भुवई जरा चढलेली, हसताना ओठांचा उजवा कोपरा आधी हलतो, हे पक्कं ठाऊक असतं, दिसत नाही. कागदावर पहिली रेघ उमटली की तिच्याकडे बघून पुढची कुठे जायला हवी ते कळतं. माझ्या बहिणीला तोच चेहरा अगदी रंगांसकट दिसतो. आणि स्वप्नं तर मलाही लख्ख दिसतात! असं आणखी कुणाचं आहे का?

मधला_कप्पा:
माझंही असंच. याला अफँटेझिया म्हणतात. न्यूरॉलॉजिस्ट अ‍ॅडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हे नाव दिलं. त्यांनी ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांना स्वप्नं दिसत होती. ठरवून चित्र उभं करणं आणि झोपेत ते आपोआप उमटणं, या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. मुळात कुणाला दिसतं, कुणाला नाही, हा फरक ब्रिटिश वैज्ञानिक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच टिपला होता: सकाळचं न्याहारीचं टेबल आठवा म्हटल्यावर काहींना ते हुबेहूब दिसलं, काहींना मुळीच नाही.

शंकासूर:
पण हा नुसता सांगण्यातला फरक नाही कशावरून? दिसतं सगळ्यांना सारखंच, वर्णन वेगळं, असंही असेल.

मधला_कप्पा:
रास्त शंका आहे. म्हणूनच मला २०२२ चा डोळ्यांच्या बाहुल्यांवरचा प्रयोग फार मोलाचा वाटतो. उजळ आकार नुसता मनात आणला तरी बहुतेकांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात. अफँटेझिया असलेल्यांच्या तशा आकसल्या नाहीत. प्रत्यक्ष उजळ आकार दाखवल्यावर मात्र व्यवस्थित आकसल्या. शिवाय एकाऐवजी चार आकार कल्पायला सांगितल्यावर त्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. डोक्याला ताण पडला की त्या मोठ्या होतात, म्हणजे प्रयत्न चालू होता. बाहुली काही आपल्या सांगण्यावरून हलत नाही.

रेघोट्या:
हे वाचून फार बरं वाटलं. 'मन लावून बघ, दिसेल' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

मधला_कप्पा:
मग हेही वाचा. खोलीचा फोटो दाखवून नंतर आठवणीने काढायला सांगितला, तर आपल्यासारख्यांच्या चित्रात वस्तू आणि रंग कमी येतात. पण ज्या येतात त्यांच्या जागा बरोबर असतात, आणि फोटोत नसलेल्या वस्तू घुसडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमीच. अ‍ॅनिमेशनपट बनवणाऱ्या पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही.

रेघोट्या:
जागांचं अगदी पटलं. खुर्ची कुठे होती ते मी चटकन सांगते, रंग विचारला की अडते. आता रंग बघतानाच शब्दांत लिहून ठेवणार.