जुनी ग्रँड टूरिंग कूपे घ्यायची आहे : बेळगावात राहून कोणती पेलवेल?

चोर्ला_वळण (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो. आजवर चार दारांच्याच गाड्या चालवल्या. मुले आता पुण्यात स्थिरावली आहेत, त्यामुळे महिन्यातून एकदा पुणे आणि एखाद्या रविवारी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोवा एवढाच माझा लांबचा प्रवास उरला आहे. त्यासाठी पुढे मोठे इंजिन, दोन दारे, मागे नावापुरत्या दोन जागा आणि साडेतीनशे किलोमीटर चालवूनही पाठ न धरणारी आसने, अशी जुनी ग्रँड टूरिंग कूपे घ्यावी, अशी इच्छा बरेच दिवस मनात आहे. घरी दुसरी गाडी आहे, त्यामुळे रोजच्या कामासाठी हिच्यावर अवलंबून राहायचे नाही.

सध्या दोन गाड्या पाहण्यात आल्या आहेत. पहिली २००८ सालची बीएमडब्ल्यू ६५०आय, पुण्याची, एमएच-१२ पासिंगची, तिसऱ्या मालकाकडे असलेली. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर दिसतात आणि मागितलेली किंमत आजच्या मध्यम नव्या सेडानपेक्षा कमी आहे. दुसरी १९८४ सालची मर्सिडीज २३०सीई, गोव्यात एका बंगल्याच्या शेडमध्ये अनेक वर्षे उभी असलेली. इंजिन सुरू होते आणि रंग नुकताच दिला आहे. माझा नेहमीचा मेस्त्री दोन्हींबद्दल "घ्या, बघू पुढचं पुढं" एवढेच म्हणतो, आणि नेमकी त्याचीच मला धास्ती वाटते. पाहणी करताना कशाकडे लक्ष द्यावे, आणि परराज्यातली गाडी इकडे आणताना कागदपत्रांचे काय, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निपाणी_नाका

घरी दुसरी गाडी आहे हे वाचून बरे वाटले, कारण जुनी कूपे ही एकुलती एक गाडी म्हणून कधीच घेऊ नये. माझ्याकडून दोनच गोष्टी. गाडीच्या किमतीच्या निम्मी तरी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ती नसेल तर गाडी परवडत नाही असे समजा. आणि बंद, कोरडे छप्पर नसेल तर खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ती गाडी दोन पावसाळ्यांत खाऊन टाकील. ताडपत्री हे छप्पर नव्हे. तिच्याखाली ओल कोंडते आणि पत्रा उघड्यावरच्यापेक्षा लवकर सडतो.

उद्यमबाग_लेथ

मी यंत्रकामातला माणूस आहे, त्यामुळे माझे मत थोडे एकांगी वाटेल, परंतु अनुभवातून आलेले आहे. सगळेजण इंजिनाला घाबरतात. कूपेच्या बाबतीत घाबरायचे ते काच, बीडिंग, दाराची पट्टी आणि आतल्या अस्तराला. याचे कारण साधे आहे. २३०सीईचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि सस्पेन्शन बहुतांशी तिच्याच पिढीच्या चार दारी मर्सिडीजमधले आहे. ६५०आयचे इंजिन आणि गिअरबॉक्स त्याच काळातल्या पाच आणि सात मालिकेच्या गाड्यांत बसत असे. त्यामुळे ते सुटे भाग आजही मिळतात, आणि एखादे बुश, स्पेसर किंवा पुली मिळाली नाहीच तर आपल्या उद्यमबागेत किंवा मच्छेत नमुना दिल्यावर ती वळून देणारे कारागीर आहेत. परंतु सी१२३ (२३०सीईच्या पिढीच्या कूपेचे कंपनीतले नाव) कूपेची चाकांमधली लांबी सेडानपेक्षा ८५ मिलिमीटर कमी आहे, छत बुटके आहे आणि पुढची काचसुद्धा अधिक तिरकी आहे. म्हणजे सेडानची काच तिला बसत नाही. मधला खांबच नसल्यामुळे दोन्ही खिडक्या खाली केल्या की बाजू पूर्ण मोकळी दिसते, आणि गाडीचे निम्मे सौंदर्य त्यातच आहे. पण त्याच कारणाने दोन काचा एकमेकींना जिथे टेकतात तिथले रबर वाळले की घाटात वाऱ्याचा आवाज आणि पावसात पाणी थेट आत येते. माझ्याकडे पूर्वी एक जुनी कूपे होती. तिचे इंजिन आम्ही बारा दिवसांत उघडून बसवले, आणि मागच्या छोट्या काचेच्या एका रबरासाठी आठ महिने थांबलो. तेव्हापासून मी गाडी पाहायला गेलो की बॉनेट शेवटी उघडतो.

आता गाडीवार सांगतो.

२३०सीई गोव्याची आहे आणि रंग ताजा आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सावध व्हावे. खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीवर नवा रंग हा बहुधा पत्र्यावरचा पडदा असतो. जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या पायाखालचा पत्रा, चाकांच्या कमानी, मागच्या काचेची खालची कड आणि डिकीत जादा चाक ठेवायचा खळगा या ठिकाणी गालिचे उचलून, गाडी रॅम्पवर घेऊन, खालून टॉर्च मारून पाहा. सनरूफ असल्यास त्याच्या चौकटीचे कोपरेही पाहावेत. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जिथे ते सैल पडते तिथे पुट्टी आहे. ही युक्ती मर्सिडीजला चालते, बीएमडब्ल्यूला मात्र चालत नाही, आणि इथे बरेच जण फसतात: त्या गाडीचे बॉनेट व दारे ॲल्युमिनियमची, पुढचे मडगार्ड प्लास्टिकचे आणि डिकीचे झाकण फायबरमिश्रित आहे. चुंबक या भागांना चिकटत नाही म्हणून गाडी पुट्टीने भरलेली आहे असे ठरवू नका. तिच्या बाबतीत खरा प्रश्न निराळा आहे. तिचा पुढचा सांगाडाही ॲल्युमिनियमचा असून तो रिबिटे आणि गोंदाने पोलादी भागाला जोडलेला आहे. समोरून धडक बसलेली असेल तर आपल्याकडचे डेंटिंगवाले तो ओढून सरळ करू शकत नाहीत, आणि वेल्डिंग केलेले दिसले तर तिथूनच परत फिरावे.

६५०आयचे ४.८ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन ३६७ अश्वशक्तीचे असून चालवायला फार गोड आहे, मात्र त्याच्या दोन दुखण्यांची जगभर चर्चा आहे. एक म्हणजे व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक होणे. गाडी पूर्ण गरम झाल्यावर पंधरा मिनिटे जागेवर सुरू ठेवा आणि मग ॲक्सिलरेटर दाबा. मागून निळसर धुराचा लोट आला तर ते काम आलेच. दुसरे म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंमधल्या दरीतून जाणाऱ्या कूलंटच्या नळीचे सील. वॉटर पंपाच्या मागच्या बाजूला कूलंट ओघळल्याची खूण दिसली, किंवा टाकीतली पातळी कारण नसताना उतरत असेल, तर तिकडे बोट दाखवा. भाग किरकोळ आहे, पण तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी जबर आहे. आता मात्र लांबीने कमी-जास्त होणारी पर्यायी नळी मिळते, तिच्यामुळे बरीच उघडझाप वाचते. सहा गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्सचे ऑइल "आयुष्यभराचे" असते असे विक्रेता सांगेल. ते ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे, कारण खुद्द गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीत बासष्ट हजार किलोमीटर हा आकडा मला तरी समाधान देत नाही. इतकी वर्षे उभी राहिलेली रबरे चाललेल्या गाडीपेक्षा लवकर मरतात. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. सहा वर्षांपलीकडचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलण्याच्या हिशेबातच धरावेत, आणि ही गाडी जादा चाकाशिवाय येते हेही ध्यानात असू द्या. कणकुंबीच्या पुढे रात्री पंक्चर झाल्यावर ते कळणे बरे नाही.

मर्सिडीजचे इंजिन चार सिलिंडरचे, १३६ अश्वशक्तीचे. त्याची टायमिंग चेन सुरुवातीच्या वर्षांत एकेरी होती, म्हणून थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते का ते पाहा. इंधनपुरवठा पूर्ण यांत्रिक पद्धतीचा आहे, के-जेट्रॉनिक. संगणक नाही हा त्याचा गुण. घाण आणि पाणी अजिबात सहन न होणे हा त्याचा दोष. गरम इंजिन बंद करून वीस मिनिटांनी पुन्हा लावताना फार वेळ स्टार्टर मारावा लागला, तर इंधनदाब धरून ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर गेला असण्याची शक्यता असते.

कागद_आणि_सीमा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त कागदांविषयी लिहितो, कारण आपल्या भागात गाडीइतकीच कागदांची परीक्षा होते.

परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. "कागल ओलांडलं की एमएच, निपाणीत केए, कोण बघतंय" हा विचार सोडून द्यावा. अशी गाडी रस्त्यात उठून दिसते आणि ती आधी थांबवली जाते. मूळ आरटीओची नाहरकत (नमुना २८), हस्तांतराचे नमुने २९ आणि ३०, नव्या क्रमांकासाठी नमुना २७, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५, हे सगळे हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. त्यानंतर कर्नाटकाचा आजीवन कर येतो. वीस लाखांहून महाग नव्या मोटारीवर तो १८ टक्के आहे आणि जुन्या गाडीला वयानुसार उतरत्या प्रमाणात लागतो. त्याचा हिशेब तुम्ही दिलेल्या किमतीवर होईल असे गृहीत धरू नका. आरटीओत आधी बसून आकडा काढून घ्या.

अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. आयात केलेल्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरच्या आयात मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ८०,०००. तुमच्या ६५०आयचे नूतनीकरण २०२३ साली झालेले असायला हवे. झाले नसेल तर तो खर्च आणि दंड किमतीतून वळता करा. झाले असेल, तरी पुढची खेप २०२८ साली वीस वर्षांच्या उंबरठ्यावर येईल. मर्सिडीज तर आजच त्या वर्गात आहे. शिवाय आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचा, फोटोवर विसंबू नका, आणि गाडी परदेशातून आलेली असल्याने मूळ सीमाशुल्क भरल्याची कागदपत्रे मागा. ती "हरवली" असतील तर मी पुढे बोलणीच करणार नाही.

विम्याचे हस्तांतर चौदा दिवसांत करून घ्या. पाच वर्षांवरच्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून जो आकडा छापून येईल त्यावर मुकाट्याने सही करू नका.

निपाणी_नाका

इंधनाचे राहिले. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के येते. शेतकरी म्हणून मला त्याचा आनंद आहे, जुन्या गाडीचा मालक म्हणून नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मऊ करते. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर ही अडचण दुपटीने वाढते. मर्सिडीज घेतलीत तर टाकी धुऊन सगळ्या इंधननळ्या नव्या टाकल्याशिवाय ती घाटात नेऊ नका. गरम इंजिनावर टपकलेले पेट्रोल हा विनोद नव्हे.

चोर्ला_वळण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुण्याला जाऊन ६५०आय पाहून आलो. पोहोचलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर ते चांगलेच गरम होते, विक्रेता म्हणाला, "तुमच्यासाठी फिरवून आणली." पंधरा मिनिटे सुरू ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर धूर थोडा आला, पण तो निळा की पांढरा हे संध्याकाळच्या उजेडात मला ठरवता आले नाही. नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे. सर्व्हिसची वही मात्र पहिल्या मालकापुरतीच भरलेली आहे, आणि पुढचे दोन टायर २०१६ सालचे निघाले.

गोव्याची गाडी मी परवा पाहिली. जॅकच्या जागी पेचकस टेकवला आणि तो आत गेला. मालकांनीही तो पाहिला, आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही.

उद्यमबाग_लेथ

पेचकस आत गेला असेल तर ती गाडी आता पत्र्याचे काम करणाऱ्याची झाली, तुमची नाही. सगळ्या काचा आणि आतले अस्तर शाबूत असेल, तर सुटे भाग म्हणून तिला मोल आहे, तेवढेच.

पुण्याच्या गाडीसाठी पुन्हा जा, पण या वेळी सकाळी, आणि आदल्या रात्रीपासून किल्ली फिरवायची नाही असे आधीच ठरवून घ्या. थंड स्टार्ट, मग शहरातली गर्दी, मग कात्रजचा जुना घाट चढून वर पंधरा मिनिटे जागेवर सुरू, या क्रमाने करा. मागे पांढरा कागद धरून एकाला उभे केले की धुराचा रंग कळतो. एखाद्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून संगणक लावून तपासणी करून घ्या आणि त्याचे पैसे तुम्हीच द्या, विक्रेत्याला देऊ देऊ नका. डिकीत बॅटरीखालचा कप्पा ओला आहे का तेही पाहा.

चोर्ला_वळण

येत्या रविवारी सकाळी सात वाजता जाण्याचे ठरले आहे. विक्रेता किल्ली न फिरवण्यास कुरकुरत का होईना तयार झाला. धूर निळा निघाला तर सीलच्या कामाचा अंदाज लेखी घेऊन तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगेन. मान्य नसेल तर कात्रजवर नाश्ता करून परत येईन.