पिनबॉलच्या फ्लिपरची कॉइल जळतेय. आणि या कामात पोट भरतं का?

गड्ड्याचा_पोरगा:
नमस्कार. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी आजोबांनी सोलापूरच्या गड्डा यात्रेतून खिळ्यांचं बागाटेल (खिळ्यांमधून गोळी सोडायचा फळीवरचा खेळ) आणून दिलं, तेव्हापासूनचं हे वेड. आता घरी प्लायवूडवर खरं पिनबॉल बांधायलोय. फ्लिपरला, म्हणजे बटण दाबल्यावर बॉल टोलवणाऱ्या दांडीला, दाराच्या इलेक्ट्रिक कुलपाचं सोलेनॉइड (करंट दिला की दांडा ओढणारी कॉइल) लावलं. बटण दाबून धरलं की जळका वास येतो. दोन कॉइल गेल्या. शिवाय बॉल रॅम्पच्या (फळीवरच्या चढाच्या) अर्ध्यातूनच परत येतो. घरचे विचारतात, याचं पुढे काय? पिनबॉल डिझाइन करून जगणारी माणसं असतात का?

अशोकचौक_रिवाइंडिंग:
बाळा, वीस वर्षं पॉवरलूमच्या मोटारी भरतोय, म्हणून सांगतो. लूमवर धोट्याला एकच फटका बसतो, धरून ठेवायचं काम नसतं. तुझा फ्लिपर फटका मारतो आणि वर धरूनही ठेवतो. कामं दोन, तर वाइंडिंगही दोन पाहिजेत. फटक्याला जाड तारेचे कमी वेढे, धरायला बारीक तारेचे भरपूर. फ्लिपर पूर्ण वर गेला की पात्यांचा स्विच उघडला पाहिजे, म्हणजे बारीक तार सिरीजमध्ये येते आणि करंट उतरतो. कॉइलवर उलटा डायोड आणि लाइनीत फ्यूज घातल्याशिवाय चालू करू नको.

तिरकी_फळी (पुणे):
काकांचं अगदी बरोबर. खऱ्या मशीनमध्ये फ्लिपरला सुमारे ५० व्होल्ट डीसी असतं, कुलपाच्या १२ व्होल्टवर तो जोर येणार नाही. बॉल २७ मिमीचा, ८० ग्रॅमचा. फळीचा उतार साधारण साडेसहा अंश. तुझा उतार आधी मोज, जास्त असेल तर बॉल रॅम्प चढणार नाही.

रॅम्प कुठे बसवायचा हे फ्लिपर ठरवतो. बॉल फ्लिपरच्या टोकाकडून सुटला तर एकीकडे जातो, मधून सुटला तर दुसरीकडे. त्या रेषा फळीवर पेन्सिलीने काढ आणि रॅम्पचं तोंड त्या रेषेवर आण. डिझायनर आधी बिनचित्राची कोरी फळी बांधतात, तिला 'व्हाइटवूड' म्हणतात. तिच्यावर खेळत राहायचं, शॉट बसेना तर उखडून पुन्हा लावायचं. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनमध्ये डिझायनर हॅरी मॅब्सने पहिल्यांदा विजेवरचे फ्लिपर आणले, तेही सहा! पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने खाली दोनच ठेवले, आणि आजही तीच मांडणी चालते.

जगणारी माणसं आहेत, पण थोडी, आणि बहुतेक शिकागोच्या आसपास. स्टीव्ह रिची अटारी या गेम बनवणाऱ्या कंपनीत असेंब्ली लाइनवर होता, तिथून डिझायनर झाला. पॅट लॉलरच्या १९९२ च्या 'ॲडम्स फॅमिली'ची वीस हजारांवर मशीन खपली. घरच्यांना मात्र खरं सांग, आपल्याकडे अशी नोकरी नाही. सोलेनॉइड, सेन्सर, कंट्रोलर हातात बसले तर चिंचोळी एमआयडीसीत ऑटोमेशनचं काम मिळू शकतं. मशीन संध्याकाळी बांध, पण सोडू नकोस.

गड्ड्याचा_पोरगा:
उतार आत्ताच मोजला, अकरा अंश निघाला! काका, तार किती गेजची (जाडीची) घेऊ?

अशोकचौक_रिवाइंडिंग:
घेऊ नको अजून. जळालेल्या दोन्ही कॉइल घेऊन दुकानात ये, आधी वेढे मोजू. सोमवारी नको, लाइट नसते.