आजीच्या आठवणी आणि दफ्तर

विद्यापीठात झालेल्या पुस्तकवाचनाच्या कार्यक्रमात अमेरिकी कादंबरीकार बाईंनी वर्णभेदापेक्षा आजीच्या आठवणीच अधिक सांगितल्या, हा आपला आक्षेप मला पटत नाही. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेतील गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव येई आणि गुलामापुढे बहुधा वय, लिंग व रंग एवढेच; मग त्या गुलामांच्या नातवंडांनी आठवणींखेरीज दुसरे कोणते दफ्तर चाळावे? १९१७ साली कोलंबियाहून शिकून आलेल्या आंबेडकरांना आपल्या बडोद्यातल्या पारशी सरायीतून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, हेही आपल्याला मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या आठवणींतूनच कळते. तो प्रसंग एका विद्यार्थिनीने उठून सांगितला, तेव्हा बाईंनी हातातले पुस्तक मिटले आणि सभागृहात फक्त पंख्यांचा आवाज उरला.